दोघांचा एक कॅमेरा

छायाचित्राला कला म्हणावे की नाही, हा वाद आता जुना झाला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. तेव्हापासून या विषयावर पुष्कळ बोलून झाले आहे, आणि कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशात जाऊन बसल्यापासून त्या वादातला उरलासुरला दमही गेला. मला त्याहून साधा, पण अधिक निकडीचा प्रश्न पडतो. आपण रानफुलाचा फोटो काढतो, तो सुरेख येतो, आल्यागेल्याला दाखवला जातो. पण तो खरा असतो का? आणि खरा नसला, तर त्याने कोणाचे काय बिघडते?

साताऱ्या-सांगलीकडे हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. भाद्रपद लागला की इकडची कितीतरी जोडपी रविवारी डबा बांधून निघतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी बँकेतले, कोणी दुकानदार. पूर्वी नवराबायकोने जोडीने जायचे ते देवदर्शनाला. आता त्याला जोडून फुलांचेही दर्शन होते. आम्ही उभयता त्यांतलेच. तेव्हा पुढे जे लिहितो आहे, ते परक्याचे टीकालेखन नाही, घरच्या माणसाचे आहे. दोन्ही जिल्ह्यांचा उल्लेख मी एका दमात करतो याचे कोणाला नवल वाटू नये. आजच्या सांगली जिल्ह्याला १९४९ साली दक्षिण सातारा म्हणत. सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळाले. कृष्णेने तर ही वाटणी कधी मानलीच नाही.

प्रथम कास. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर गेले, की सुमारे १२०० मीटर उंचीवर हे पठार लागते. जांभ्या दगडाचा उघडा सडा, त्यावर मातीचा पातळसा थर आणि पावसाळ्यात खोलगट जागी साचलेले पाणी. असल्या दरिद्री जमिनीवर ही श्रीमंती उगवते. सीतेची आसवेच पाहा. वितीहून कमी उंचीच्या काडीवर हे निळेजांभळे फूल डोलते. जमिनीत सकस असे फारसे काही नाही, म्हणून ही वनस्पती ओलीतले सूक्ष्म जीव आपल्या इवल्याशा पिशव्यांत पकडून त्यांवर गुजराण करते. शेजारी गेंदाची पांढरी बटणे, पलीकडे सोनकी, तेरडा. येथले सौंदर्य हा उपासमारीवर शोधलेला तोडगा आहे. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या फोटोंत येत नाही.

कासचे जे फोटो दरसाल पाहायला मिळतात, त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार होतात. पहिला गालिच्याचा. कॅमेरा जमिनीलगत तिरपा धरला, की चार हातांवरचे फूल आणि चाळीस हातांवरचे फूल एकमेकांना चिकटतात; मधला दगड, चिखल, पायवाट सगळे नाहीसे होते आणि क्षितिजापर्यंत रंगच रंग उरतो. दुसरा प्रकार दागिन्याचा. एकटे फूल, मागे धूसर हिरवा पडदा, पाकळीवर पाण्याचा थेंब. तो थेंब पावसाचाच असतो असे नाही, बाटलीतलाही असतो. हे फूल नखाएवढे की वाटीएवढे, ते दगडावर उगवले की डबक्यात, याचा पत्ता लागत नाही. सराफाने मखमलीवर मांडावे तसे ते मांडलेले असते.

दोन्ही प्रकारांत नेत्रसुख आहे, हे मी नाकारीत नाही. पण गालिचा पाहून जो कासला येतो, त्याला तेथे दगडामधून उमटलेले लहानमोठे ताटवे दिसतात. फोटोतला गालिचा कोठे सापडेना, म्हणून तो वाट सोडून आत शिरतो. आणि आपलाही तसा फोटो हवा, म्हणून फुलांत बसकण मारतो. मातीचा थर पातळ. तेथे एक पाऊल म्हणजे काही थोडेथोडके नव्हे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. त्या सुमारास गर्दी अशी वाढली, की प्रवेशाला शुल्क आणि माणसांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली. या गर्दीचे सारे पाप फोटोंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण आमंत्रणपत्रिका कोणी वाटली, हे विचारायला नको का?

मग चांगला फोटो कोणता? थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्यात झाडाचे वर्णन शब्दांनीच केलेले आहे. पण ते कोठे आढळते, हे सांगायला कुक विसरत नाहीत. त्यांच्याकडे चित्राविना पत्ता होता. आपल्याकडे पत्त्याविना चित्रे झाली आहेत. दोहोंचा मेळ घालणारी माणसेही आहेत. श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक २००१ साली आले, त्यात फोटोला नावागावाची जोड आहे. ते हाती धरून डोंगरात हिंडणाऱ्याला फूल ओळखता येते. वायतुऱ्याचे उदाहरण घ्या. एका दांड्यावर दोन तुरे धरणारी ही पाणवनस्पती सड्यावरच्या डबक्यांत वाढते, आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचेच नाव आहे. तिचा फोटो काढून डबके तेवढे गाळले, तर उरले काय?

सांगलीकडे स्थळांच्या फोटोंची तीच गत आहे. कृष्णाकाठचे गणपतीचे देऊळ, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, १९२९ सालचा आयर्विन पूल. बहुतेक फोटो सूर्यास्ताचे, आणि माणूस मध्ये येऊ नये म्हणून ताटकळून काढलेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. एरवी नदी कोठवर असते, हे मुलानातवंडांना दाखवायचे झाले, तर सूर्यास्त उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो घाटावर बायकोला उभी करून काढलेला, कलावंत ज्याला हसतील असा फोटो. पाणी कोणत्या पायरीवर होते, हे तो सांगतो. मात्र मागे तारीख हवी.

येथेच जोडप्याच्या छंदाचे खरे सामर्थ्य मला दिसते. एकट्याच्या फोटोला माप नसते. दोघे असली, की एक कॅमेऱ्यामागे आणि दुसरे चित्रात. सीतेच्या आसवांशेजारी बांगड्यांचा हात आला, की फुलाची उंची आपोआप कळते. आमच्या घरी हा वाद नेहमीचा. मला फूल जवळून हवे असते, सौ. म्हणते, “जरा मागे सरका, ते राहते कुठे तेही येऊ द्या.” मग दोन्ही फोटो निघतात, आणि वहीत शेजारी शेजारी लागतात. मला वाटते, खरेपणा त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो.

राहता राहिला नावाचा प्रश्न. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे पती माणेकशा यांनाही हाच छंद. पण होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावावर. काळ बदलला म्हणतात. तरी आजही कितीतरी संग्रहांत फूल हुडकणारी एक, त्यावर छत्री धरणारी तीच, आणि खाली नाव मात्र कळ दाबणाऱ्याचे! हा नुसता सौजन्याचा प्रश्न नाही. पाहिले कोणी, हे लपवणारा फोटो तेवढ्यापुरता खोटाच.

दिवाळीच्या फराळानंतर पाहुण्यांपुढे हे फोटो निघतात. तोवर कासचा बहर ओसरलेला असतो. फूल नसते, फोटोच त्याच्या वतीने बोलतो. त्याखाली गाव, तारीख आणि दोघांची नावे असावीत, आणि फुलाबरोबर थोडा दगडही असावा. असा फोटो पाहून एखादा कासला गेला नाही तरी चालेल. गेला, तर तो वाटेवर उभा राहूनच फूल पाहील.