हॅमिल्टनचा निबंध आणि अमेरिकेचें निर्वाचकमंडळ

अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनीं ‘पब्लियस’ या टोपणनांवानें लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ या लेखमालेस राज्यशास्त्राच्या वाङ्मयांत मानाचें स्थान आहे. तींतील अडुसष्टावा निबंध हॅमिल्टनचा असून तो १७८८ च्या मार्च महिन्यांत प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या अध्यक्षाची निवड लोकांनीं प्रत्यक्ष न करितां निर्वाचकांच्या हातून कां व्हावी, याचें समर्थन हा त्याचा विषय. या योजनेवर विरोधकांनींही फारशी टीका केलेली नाहीं, असें समाधान हॅमिल्टन आरंभींच व्यक्त करितो. पुढील काळानें हें समाधान टिकूं दिलें नाहीं. तेव्हां ज्या तत्त्वांवर हॅमिल्टननें ही संस्था उभी केली, त्यांतील कोणतीं आज तिच्या पायाशीं उरलीं आहेत, आणि हें मंडळ मतदारांचें न्याय्य प्रतिनिधित्व करितें काय, हें तपासून पाहणें अवश्य आहे.

निबंधाची मांडणी सुबक आहे. लोकांनीं आपल्यांतून कांहीं विचारी व माहितगार माणसें निवडावीं. त्यांनीं आपापल्या राज्यांत वेगवेगळें जमून शांतपणें मत द्यावें. म्हणजे दंगा, कारस्थान आणि परकीयांची ढवळाढवळ या तिन्ही संकटांस आळा बसेल, असा हॅमिल्टनचा युक्तिवाद आहे. त्याचा सारा भार निर्वाचकाच्या स्वतंत्र बुद्धीवर आहे, आणि तोच आधार सर्वांत आधीं ढासळला. पक्ष उदयास येतांच निर्वाचक हा पक्षाचा हुकूम पोंचविणारा जासूद बनला. २०२० सालीं तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, दिलेलें वचन मोडणाऱ्या निर्वाचकास दंड करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. अशा रीतीनें विचार करणारा निर्वाचक गेला आणि केवळ हिशेबाची पद्धति उरली. आतां तिची परीक्षा हिशेबाच्याच कसोटीवर झाली पाहिजे.

मंडळांत एकंदर ५३८ मतें असतात. विजयास २७० लागतात. प्रत्येक राज्यास त्याच्या प्रतिनिधिगृहांतील सभासदांच्या संख्येइतकीं व शिवाय सिनेटच्या दोन सभासदांबद्दल दोन मतें मिळतात. १९६१ च्या दुरुस्तीनें राजधानीच्या प्रदेशास तीन मिळालीं. या दोन मतांमुळें लहान राज्यांचें वजन वाढतें. २०२० च्या शिरगणतीप्रमाणें वायोमिंगची वस्ती सुमारें ५ लाख ७७ हजार, आणि मतें ३. कॅलिफोर्नियाची वस्ती सुमारें ३ कोटी ९५ लाख, आणि मतें ५४. म्हणजे वायोमिंगमध्यें १ लाख ९२ हजार माणसांमागें एक निर्वाचक, तर कॅलिफोर्नियांत ७ लाख ३२ हजारांमागें एक. टीकाकार बहुधा या विषमतेवरच बोट ठेवितात, आणि तें अगदींच अस्थानीं नाहीं. २००० सालीं अल गोर यांस देशभरांत सुमारें ५ लाख ४० हजार मतें अधिक पडूनही जॉर्ज बुश निवडून आले. प्रत्येक राज्याचीं तीं दोन मतें वगळलीं असतां गोर २२५ विरुद्ध २११ असे विजयी झाले असते.

परंतु हाच मुख्य दोष असें मानल्यास २०१६ च्या निकालाचा उलगडा होत नाहीं. त्या वर्षीं हिलरी क्लिंटन यांस २८ लाखांहून अधिक मताधिक्य मिळालें, तरी निवडणुकीच्या निकालानें डोनाल्ड ट्रम्प यांच्या वाट्यास ३०६ व त्यांच्या वाट्यास २३२ निर्वाचक आले. येथें तीं दोन मतें वजा केलीं, तरी ट्रम्प २४६ विरुद्ध १९० असे जिंकतातच. मूळ रोग निराळाच आहे. राज्यांत ज्यास एक मत अधिक, त्यास त्या राज्याचे सर्व निर्वाचक, ही बहुतेक सर्व राज्यांतील प्रथा हाच तो रोग होय.

ही प्रथा घटनेंत कोठेंही लिहिलेली नाहीं. निर्वाचक कसे नेमावयाचे हें घटनेनें राज्यांच्या विधिमंडळांवर सोंपविलें आहे. १८०० च्या निवडणुकीसाठीं व्हर्जिनियानें जेफर्सनच्या सोयीकरितां ती स्वीकारली. एकानें केलें म्हणून दुसऱ्यानें केलें. पुढें मॅडिसननेंच जिल्हावार निवडीचा पुरस्कार केला, तो व्यर्थ ठरला. तिचा परिणाम पाहा. २०२० सालीं ट्रम्प यांस कॅलिफोर्नियांत ६० लाखांवर मतें पडलीं. इतकीं मतें त्यांस दुसऱ्या कोणत्याही राज्यांत मिळालीं नाहींत. पदरांत निर्वाचक पडला नाहीं एकही. त्याच वर्षीं टेक्ससमध्यें जो बायडेन यांच्या ५२ लाखांहून अधिक मतांची तीच गति झाली. बरें, हीं मतें नुसतीं वाया गेलीं असेंही नव्हे. राज्यास निर्वाचक मिळतात ते सर्व लोकांच्या संख्येवर. म्हणून हरलेल्या मतदाराच्या अस्तित्वानें वाढलेलें बळ त्यानें नाकारलेल्या उमेदवाराच्या झोळींत पडतें. यास प्रतिनिधित्व हें नांव शोभत नाहीं.

हा दोष एका पक्षाचा कैवारी आहे असेंही नाहीं. २०२० सालीं बायडेन यांस देशांत सुमारें ७० लाखांचें आधिक्य होतें. तरी ॲरिझोना, जॉर्जिया व विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील मिळून सुमारें ४३ हजारांचें आधिक्य नसतें, तर दोघांस २६९ अशीं समान मतें पडून निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली असती.

पूर्वपक्ष असा कीं, अमेरिका हें राज्यांचें संघराज्य आहे. अध्यक्ष केवळ लोकांचा नव्हे, राज्यांचाही आहे. हा मुद्दा हलका नाहीं. परंतु राज्यांच्या समानतेसाठीं घटनेनें सिनेट निर्माण केलीच आहे. शिवाय मंडळाच्या जन्मकथेंत केवळ संघतत्त्वच नव्हतें. १७८७ च्या घटनापरिषदेंत मॅडिसननें लोकांकडून प्रत्यक्ष निवड हाच उत्तम मार्ग मानला होता. मात्र मताधिकार नसलेल्या गुलामांमुळें त्या मार्गांत दक्षिणेचें वजन पडणार नाहीं, ही अडचणही त्यानेंच बोलून दाखविली. निर्वाचकांच्या संख्येंत गुलामाचे तीन-पंचमांश मोजले जात. त्यामुळें ती अडचण दूर झाली. हॅमिल्टनच्या निबंधांत या गोष्टीचा उच्चारही नाहीं, आणि समर्थन म्हणून त्याचें मोठें उणें आम्हांस येथेंच दिसतें.

निर्वाचकमंडळ म्हटलें कीं अन्याय आलाच, असें मात्र नव्हे. भारताच्या राष्ट्रपतीची निवडही अशाच मंडळाकडून होते. त्या पदाकडे अमेरिकन अध्यक्षाची सत्ता नसल्यानें तुलनेस मर्यादा आहे. पण हिशेबाची रीत बोधप्रद आहे. २०२२ सालीं महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचें मूल्य १७५ व गोव्याच्या आमदाराचें २० होतें. १९७१ च्या लोकसंख्येवरून तें ठरविलेलें होतें. मुख्य गोष्ट ही कीं, महाराष्ट्रांत ज्यास थोडीं मतें पडलीं, त्याचीं तीं थोडीं मतें त्याच्याच नांवावर राहतात. अधिक मतें मिळविणारा तीं गिळून टाकीत नाहीं.

यावर उपाय कोणता? मेन व नेब्रास्का हीं दोन राज्यें मतदारसंघवार निर्वाचक देतात. पण मतदारसंघांच्या सीमा पक्षांच्या सोयीनें आंखल्या जात असल्यानें त्यांत नवा अन्याय शिरण्याचें भय आहे. प्रत्यक्ष निवडीची घटनादुरुस्ती १९६९ सालीं प्रतिनिधिगृहांत मोठ्या बहुमतानें संमत झाली, आणि १९७० सालीं सिनेटमधील लांबण लावणाऱ्या भाषणांत अडकून पडली. आमच्या मतें सरळ मार्ग तोच आहे. तो साधेपर्यंत प्रत्येक राज्यानें आपले निर्वाचक पडलेल्या मतांच्या प्रमाणांत वांटले, तरी अन्यायाचा मोठा भाग नाहींसा होईल.

हॅमिल्टनचा निबंध आजही वाचावा. सत्तेच्या लोभाची व कारस्थानांची त्याची पारख खोटी नव्हती. मात्र ज्या निर्वाचकासाठीं त्यानें हें वकीलपत्र घेतलें, तो अशील केव्हांच कोर्टांतून निघून गेला आहे. आज त्याच्या जागीं जो उभा आहे, त्याच्या बचावाला हा निबंध पुरा पडत नाहीं.