राहण्यासाठीं जाण्याचा दाखला

परक्या देशांत राहावयाचें तर तेथील सरकारचा परवाना लागतो, हें आतां कोणास सांगावयास नको. ज्यांचीं मुलें परदेशीं शिकावयास अगर नोकरीस गेलीं आहेत, त्यांच्या घरीं तर या कागदाच्या मुदतीची चिंता सणवारांइतकीच नेमानें येते. पण इतक्या रुक्ष विषयावर थोर कादंबरी होऊं शकेल काय? आना झेगर्स या जर्मन लेखिकेची 'ट्रान्झिट' वाचल्यावर, होऊं शकते, असेंच आम्हांस म्हणावें लागतें.

झेगर्सबाई ज्यू व कम्युनिस्ट. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर येतांच त्यांनीं जर्मनी सोडली. १९४० सालीं फ्रान्स पडल्यावर त्या मार्सेय बंदरीं आल्या, आणि १९४१ सालीं तेथून जहाजानें निघून अखेर मेक्सिकोस पोंचल्या. ही कादंबरी १९४४ सालीं इंग्रजी व स्पॅनिश भाषांतरांतच प्रथम प्रसिद्ध झाली. जर्मन पुस्तक १९४८ सालीं निघालें. निर्वासितांच्या या कथेला स्वतःच्या भाषेंतहि उशिरांच घर मिळालें!

हिटलरच्या छावणींतून निसटलेला एक तरुण एका मृत लेखकाची पेटी घेऊन मार्सेयला येतो, आणि मेक्सिकोची वकिलात त्यालाच तो लेखक समजते. या तरुणास कोठेंच जावयाचें नाहीं. त्याला मार्सेयमध्येंच राहावयाचें आहे. येथेंच कादंबरीचें मर्म आहे. या शहरांत राहण्याचा परवाना मिळतो तो, आपण लौकरच निघून जाणार असें जो सिद्ध करील त्यालाच! आणि जाणें तरी सोपें कोठें आहे? पुढच्या देशाचा व्हिसा, वाटेंतील देशांचे परवाने, फ्रान्स सोडण्याची अनुज्ञा, जहाजाचें तिकीट. प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि शेवटचा कागद हातीं येईतों पहिला बाद झालेला असतो. काराकासला नोकरी ठरलेला प्रागचा एक वृद्ध वाद्यवृंदसंचालक याच फेऱ्यांत झिजून मरतो.

ही अतिशयोक्ति नव्हे. विख्यात टीकाकार वॉल्टर बेन्यामिन यांच्यापाशीं अमेरिकेचा व्हिसा होता, फ्रान्स सोडण्याची अनुज्ञा मात्र नव्हती. १९४० च्या सप्टेंबरांत स्पेनच्या सीमेवर पोर्टबू येथें अडविले गेल्यावर त्यांनीं प्राणत्याग केला.

त्याच त्या कचेऱ्या, त्याच रांगा, त्याच उपाहारगृहांतील तींच संभाषणें, असा आक्षेप या कादंबरीवर कोणी घेईल. आमच्या मतें ही पुनरावृत्ति हाच तिचा प्राण आहे. वाचक कंटाळतो तेव्हांच त्याला अर्जदाराची स्थिति कळूं लागते. माणसाचें नांव, वय, प्रेम, विद्या या सर्वांहून त्याच्या हातांतील शिक्का खरा ठरतो, हें बाईंनीं कोठेंहि व्याख्यान न देतां दाखविलें आहे. त्या मानानें मृत लेखकाची पत्नी मारी हिची प्रेमकथा आम्हांस फिकी वाटली. गल्लोगल्लीं पतीला शोधणारी ही स्त्री छायेसारखी येते आणि छायेसारखीच जाते.

शेवटाविषयीं मात्र आमचा खरा मतभेद आहे. सारे कागद जुळल्यावर नायक जहाज सोडून देतो आणि ओळखीच्या एका फ्रेंच कुटुंबाच्या आधारानें शेतमळ्यावर राहतो. ज्या मातीवर आपण राबलों, जिच्या लोकांचें सुखदुःख आपण वांटून घेतलें, तेथें राहण्याचा हक्क शिक्क्यावांचूनहि मिळतो, असा बाईंचा आशय दिसतो. आशय उदात्त आहे. पण परवान्यावांचून माणसाचें काय होतें हें ज्या लेखणीनें इतक्या निर्दयपणें दाखविलें, तिनें शेवटीं आपल्या नायकावर थोडी दया केली. १९४२ च्या नोव्हेंबरांत जर्मन फौजा मार्सेयमध्येंहि शिरल्या, आणि त्या मळ्यावरील माणसाचे कागद पाहणारे अधिकारी मग निराळेच झाले असते.

तरीहि हा दोष आम्ही क्षम्य मानतों. परवाना देणें हें सरकारचें काम. पण दारीं उभ्या असलेल्या माणसास माणूस म्हणून ओळखणें हें कोणा कचेरीवर सोंपवून चालत नाहीं. एवढें ज्याला पटेल, त्यानें ही कादंबरी अवश्य वाचावी. आणि ज्याला पटणार नाहीं, त्यानें तर ती अगोदर वाचावी.