अंधारासकट दीडशे रुपये

बी. कॉम. झालेल्या माणसाने कलेवर मत देऊ नये, असा एक अलिखित नियम आहे. बी. ए. झालेल्याने दिलेलं चालतं, कारण त्याला दुसरं काही देणं शक्य नसतं. बी. एस्सी.वाल्याने दिलं तर लोक कौतुक करतात. आम्ही तोंड उघडलं की मात्र "तुम्ही पासबुकं भरा" असं ऐकवतात. गेली बावीस वर्षं मी पासबुकंच भरतो आहे. (अलीकडे ती मशीन भरतं आणि मी 'मशीन बंद आहे' अशी पाटी लावतो.) पण या खेपेला मी मत देणारच. कारण माझे चारशे पन्नास रुपये गेले आहेत, आणि ज्याचे पैसे गेले त्याला तक्रार करण्याचा हक्क आहे, हे आमच्याच बँकेच्या भिंतीवर तीन भाषांत लिहून ठेवलं आहे.

प्रकरण असं घडलं. एका रविवारी आमच्या उपनगरातल्या नाट्यगृहात 'खास शहरी मुलांसाठी' सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ आहे, अशी जाहिरात हिने वाचली. आमचे चिरंजीव बारा वर्षांचे असल्यामुळे त्यांना या जगातल्या कशातच रस उरलेला नाही. धाकटीला आहे. ती सात वर्षांची आहे आणि रात्री झिरोच्या दिव्याशिवाय झोपत नाही. पूर्वी झोपायची. पूर्वी त्या खोलीत तिची आजी झोपायची. गेल्या पावसाळ्यात आजी गेली आणि झिरोचा दिवा आला. त्यामुळे "काळोखात बसून बघायचं असतं" असं मी सांगितल्यावर कन्येने पहिला प्रश्न विचारला, "किती काळोख?" मी म्हटलं, "अगदी मिट्ट. त्याचेच तर दीडशे रुपये घेतात."

पुढे जे झालं त्यात मी खोटा ठरलो, हीच माझी मुख्य तक्रार.

आत शिरलो तेव्हा नाट्यगृह लग्नाच्या हॉलसारखं उजळलेलं होतं. तिसरी घंटा झाली, दिवे गेले असं वाटलं आणि बघतो तो अर्धेच गेले. भिंतींच्या कडेचे पिवळे दिवे तसेच. 'बाहेर जाण्याचा मार्ग' सांगणारी हिरवी पाटी तशीच, आणि ती नेमकी पडद्याच्या डोक्यावर. पायऱ्यांवर निळे दिवे. शिवाय मघापासून एकेक करून उजळू लागलेले मोबाइल. कॅशमध्ये काम केलेल्या माणसाला मोजण्याची खोड असते. मी एकतीस मोजले. त्यातले एकोणतीस मोठ्या माणसांच्या हातात होते.

मग एक उत्साही ताई आल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार बालमित्रांनो!" बालमित्र म्हणाले, "नमस्कार!" ताई म्हणाल्या, "आवाज नाही आला!" हे वाक्य मुलांच्या कार्यक्रमात कोणी सुरू केलं, याचा शोध लावायला हवा. आवाज आलेला असतो. सगळ्यांना आलेला असतो. मी काऊंटरवर एखाद्या ग्राहकाला "सही नाही आली!" असं तीनदा म्हटलं, तर तो थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये जाईल.

पहिली गोष्ट हंस आणि कासवाची होती. तुम्हाला ती ठाऊकच आहे: काठीला तोंडाने धरून कासव उडतं, मध्येच बोलायला जातं आणि पडतं. बाहुल्या काळ्या पुठ्ठ्याच्या, अगदी साध्या. पण करणाराचा हात साधा नव्हता. सावलीच्या खेळाचं एक गणित असतं. बाहुली पडद्याला टेकवली की सावली बाहुलीएवढी आणि रेखीव. बाहुली मागे दिव्याकडे नेली की सावली वाढत जाते आणि कडांना विरघळते. आता कासव आभाळातून पडतं हे दाखवायचं, तर कोणीही ते पडद्यावर वरून खाली आणेल. मीही आणलं असतं. या पठ्ठ्याने ते खाली आणलंच नाही. त्याने ते दिव्याकडे ओढलं. कासव जागच्या जागी वाढायला लागलं. मूठ, मग परात, मग पडदाभर काळं आभाळ. ते जमिनीवर पडतच नव्हतं, आमच्या अंगावर पडत होतं! सबंध नाट्यगृहातली पोरं एकदम ओरडली आणि लगेच गप्प झाली. धाकटीने माझी बाही पकडली. मी कोणाची पकडली ते सांगत नाही.

आणि नेमक्या त्या क्षणी पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढला.

परिणाम काय झाला, ते ज्याने कधी सावली बघितली आहे त्याला सांगायला नको. कासव गेलं. पडदा पांढराफटक. पुढून उजेड पडल्यावर सावली उरणार कुठे? त्या गृहस्थाने उजेड पाडून सावलीचा फोटो काढला होता, आणि आता तो त्यात सावली शोधत होता. मग बायकोला दाखवून म्हणाला, "काही आलंच नाही गं." मी मनात म्हटलं, आलं होतं हो. तुम्ही घालवलंत.

दुसरी गोष्ट प्लास्टिकच्या राक्षसाची. तिच्याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण ती थोडक्यात नव्हती. रंगीत दिवे होते, ध्वनिमुद्रित गाणी होती, राक्षस होता आणि प्लास्टिक वापरू नये हे एकूण पाच वेळा सांगितलं. पाचव्यांदा मुलांकडून वदवून घेतलं. मध्यंतरात त्याच मुलांना बाहेर प्लास्टिकच्या पिशव्यांतून वेफर्स मिळाले. मंडळींचा हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या माणसाला कासव न पाडता पाडता येतं, त्याला मुलांवर एवढा अविश्वास का वाटावा? कासवाच्या गोष्टीनंतर 'नको तिथे बोलू नये' असं त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. तरी नाट्यगृह गप्प बसलं होतं की नाही?

तिसरा होता जटायू. पडद्यावर पहिला रावण आला आणि मी ताठ बसलो. चामड्याची बाहुली, भोकाभोकांतून उजेड गाळणारी. आमच्याकडची! म्हणजे पिंगुळीची, निदान पिंगुळीच्या वळणाची.

इथे एक कबुली द्यायला हवी. माझा जन्म कुडाळ तालुक्यातला. पिंगुळी आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. तिथले ठाकर लोक चित्रकथी सांगतात, कळसूत्री बाहुल्या नाचवतात आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही करतात. सावंतवाडीच्या राजांचा एके काळी त्या कलांना आधार होता. हे सगळं मला ठाऊक होतं, कसं? तर दुसऱ्याच्या खात्यातली शिल्लक ठाऊक असते तसं. सबंध लहानपणात मी तो खेळ एकदाही बघितला नाही. 'ते त्यांचं' असं आमच्या आळीत म्हणत, आणि आम्ही कुडाळला सिनेमाला जात असू. पहिल्यांदा पाहिला तो चाळिशी उलटल्यावर, एका लग्नाला गावी गेलो होतो तेव्हा. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभं केलं, ही बातमी मी मुंबईतच वाचली होती. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा. गावची गोष्ट गावकऱ्याला दिल्लीहून कळली. आता याला काय म्हणायचं?

गोठ्यातून बाहेर पडताना मला आठवत होतं ते आमच्या लहानपणचं काळोखाचं वैभव. कंदील एक आणि घर केवढं! पडवीत जाताना माझी पावलं अडखळली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काळोखाक कित्याक भियतंस रे झिला? तो काय आजचो आसा?" कंदिलाच्या पुढून ती गेली की भिंतीवरून तिची सावली जायची. नाक आधी, मागून आई. आमच्या घराण्याचं नाक हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच नोंदवतो की सावलीच्या बाहुल्या बहुतेक एका बाजूनेच दाखवतात, त्यामुळे सगळा मामला नाकावर येतो. आमच्या घरातला कोणीही चामड्यात उत्तम उतरला असता.

तर जटायू. बाहुल्या देखण्या, झुंजही चांगली बसवलेली. पण दिवा होता हॅलोजनचा. खिळवून ठेवल्यासारखा उजेड. तेलाच्या दिव्याची ज्योत हलते, त्यामुळे बाहुली नुसती उभी असली तरी श्वास घेते असं वाटतं. इथे जटायू बाण लागण्याआधीच गेलेला दिसत होता. त्यात ताई ध्वनिवर्धकावरून सांगत होत्या, "बघा मुलांनो, आता जटायूला खूप दुखतंय!" अहो, ते जटायूला दाखवू द्या की.

केरळात पालघाटच्या बाजूला भद्रकालीच्या देवळांत हा खेळ होतो. त्यासाठी कायमचा मंडप बांधलेला असतो. लांबलचक पडदा, त्याच्या मागे नारळाच्या करवंट्यांत लावलेले एकवीस दिवे. रामाने रावणाला मारलं तेव्हा देवी दुसरीकडे दारिकासुराशी लढण्यात गुंतली होती, तिचं बघायचं राहून गेलं, म्हणून तिला रामायण दाखवायचं, अशी त्यामागची कथा. रात्रीमागून रात्री खेळ चालतो आणि पुष्कळदा समोर माणूस नसतो. देवी बघते आहे, एवढ्यावर मंडळी पहाटेपर्यंत बोलत राहतात. प्रेक्षकांवाचून कार्यक्रम पार पाडण्याची परंपरा आमच्या बँकेतही आहे; तिला हिंदी दिवस म्हणतात. पण आम्ही अर्ध्या तासात उरकतो. शिवाय आमचे दिवे सगळे चालू असतात.

ओडिशात तर या खेळाचं नावच 'रावणछाया'. राम हा प्रकाश, त्याला सावली कुठली, म्हणून नाव रावणाचं, असं तिकडे सांगतात. त्यांच्या बाहुल्यांना रंग नाही आणि सांधेही नाहीत. म्हणजे हात हलत नाही, कोपर वाकत नाही. आणि तरी रावण चालतो! आंध्रातल्या बाहुल्या मोठाल्या, रंगीत, काचेसारखा उजेड आरपार सोडणाऱ्या. रंग असो नसो, सांधा असो नसो, एक जिन्नस मात्र सगळीकडे लागतो. तो आमच्या नाट्यगृहात शिलकीत नव्हता.

खेळ संपल्यावर मुलांना पडद्यामागे जाऊ देणार होते. मला हे पसंत नव्हतं. आमच्याकडे काऊंटरच्या आत ग्राहकाला प्रवेश नाही, आणि त्यामुळेच आमच्याविषयी थोडा आदर टिकून आहे. पण जावा बेटावर म्हणे लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बसून खेळ बघत आले आहेत, आणि त्यांचा खेळ काही त्यामुळे बुडाला नाही. गेलो. कासववाला तिथे होता. पंचविशीचा मुलगा, दोन बोटांना पट्ट्या. दिव्याला चिकटून बाहुली धरायची म्हणजे चटका बसतोच. मी चारशे पन्नास रुपयांच्या जोरावर म्हटलं, "अहो, काळोख का नाही करत तुम्ही?"

तो जराही रागावला नाही. म्हणाला, "काका, पहिल्या दोन प्रयोगांना केला होता. चार-पाच लहान मुलं रडली. पालकांनी पैसे परत मागितले. नाट्यगृहवाले म्हणतात, कडेचे दिवे नियमात आहेत. मोबाइल बंद करा म्हटलं तर लोक म्हणतात, आमचं मूल बघतंय त्याचा व्हिडिओ काढतोय." मग जरा थांबून म्हणाला, "कासवाला दिसलं का नीट?"

'कासव दिसलं का' नव्हे, 'कासवाला दिसलं का'. घाईत बोलताना शब्द चुकला असेल, पण मला तक्रार अर्ज पुढे नेता येईना. "दिसलं," मी म्हटलं. "फार छान पडलं." फ्लॅशचं बोललो नाही. त्याला आतून तो लख्खच दिसला असणार.

तरीही माझं मत मी मागे घेत नाही. मुलं काळोखात रडतात हे खरं, पण कासव अंगावर आलं तेव्हाही ती ओरडली होती, आणि त्यातलं एकही उठून गेलं नाही. धाकटी तर मध्यंतरात आईला सांगत होती, "मी घाबरले होते!" हे ती शाळेत बक्षीस मिळाल्याच्या आवाजात सांगत होती. त्या मंडळींनी ताई कमी कराव्यात, राक्षस कमी करावा, तिकीट हवं तर दोनशे करावं. पण एवीतेवी दार लोटून, मोबाइल पिशवीत गोळा करून, पंधरा मिनिटं का होईना मिट्ट काळोख द्यावा. तो आम्हाला घरी परवडत नाही. आमच्या खिडकीबाहेर रस्त्याचा दिवा आहे, समोरच्या इमारतीत जाहिरातीचा फलक आहे, आणि राहिलेलं झिरोचा दिवा भरून काढतो.

त्या रात्री जेवणं झाल्यावर कन्या मोबाइल घेऊन आली. "बाबा, ह्याचा टॉर्च लावा. कासव करू." खोलीतली ट्यूब घालवली. झिरोचा दिवा चालू होता, त्यामुळे भिंतीवर कासव नुसतं राखाडी उमटलं. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "तो बंद करा ना."

केला. खिडकीचा पडदाही ओढून घेतला. मी हाताचं कासव करायला टॉर्चच्या पुढे वाकलो, तर ती म्हणाली, "थांबा. बाबा, हलू नका."

"काय झालं?"

"तुमची सावली. नाक बघा." ती पलंगावर उभी राहून भिंतीवर बोट फिरवत होती. "आजी आहे."

मी हललो नाही. मान अवघडली, कमरेत कळ आली. स्वयंपाकघरातून हिने दोनदा विचारलं की काळोखात काय चाललंय तुमचं, तरी हललो नाही.