‘फायरफ्लाय’ : पराभूतांचे नाव धारण करणारा प्रेक्षक
जॉस व्हीडन निर्मित ‘फायरफ्लाय’ ही मालिका अमेरिकेतील फॉक्स वाहिनीने २००२ मध्येच बंद केली. तयार १४ भागांपैकी ११ भागच तेव्हा प्रसारित झाले, तेही क्रम मोडून. कथेची पायाभरणी करणारा पहिला भाग सर्वांत शेवटी दाखविला गेला. तरीही चाहत्यांची आस्था टिकली. तिचे मूळ केवळ अपूर्णतेच्या हुरहुरीत शोधणे अपुरे ठरते. नायक माल्कम रेनॉल्ड्स हा युद्धात हरलेल्या ‘ब्राऊनकोट’ पक्षाचा सैनिक आहे आणि चाहत्यांनी स्वतःसाठी नेमके हेच नाव स्वीकारले. वाहिनीपुढील आपली हार त्यांनी कथेच्याच परिभाषेत वाचली. डीव्हीडीच्या खपामुळे २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट निघाला खरा. परंतु त्यात वॉश व शेफर्ड बुक मरतात, आणि यानावरील नऊ जणांचा मूळ मेळ कायमचा मोडतो.