मध्यमाहरण आणि नाकारलेले उत्तर : भास्कराचार्यांच्या एका उदाहरणाची चिकित्सा

भास्कराचार्यांनी (जन्म इ. स. १११४) ‘बीजगणित’ या ग्रंथात वर्गसमीकरणांच्या उकलीला ‘मध्यमाहरण’ म्हटले आहे. अज्ञाताचा वर्ग, अज्ञात आणि रूप (म्हणजे स्थिर पद) यांतील मधले पद नाहीसे करणे, हा या संज्ञेचा आशय. त्यासाठी त्यांनी श्रीधराचार्यांचा नियम उद्धृत केला. श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. नियम टिकला तो या उद्धरणामुळे.

दोन्ही पक्षांना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, अज्ञाताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवावा व वर्गमूळ काढावे, असा हा नियम. शालेय पूर्ण वर्ग पद्धतीत आरंभीच भागाकार होऊन अपूर्णांक शिरतात. सहगुणक पूर्णांक असल्यास येथे ते वर्गमूळ काढेपर्यंत उद्भवत नाहीत. वर्गपद पूर्ण करण्याची कल्पना दोहोंत एकच असली तरी सोय निःसंशय श्रीधरांच्या बाजूने आहे.

ग्रंथातील एक उदाहरण असे : कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली, १ फांदीवर दिसले, तर एकूण किती? मांडणी होते क्ष² − ५५क्ष = −२५०. चौपट करून ५५ चा वर्ग ३०२५ मिळवल्यास (२क्ष − ५५)² = २०२५. मूळ ४५; म्हणून क्ष = ५० किंवा ५. भास्कराचार्य ५० स्वीकारतात, ५ नाकारतात.

‘भास्कराचार्यांनी ऋण मूळ अमान्य केले’ असे विधान गणितेतिहासविषयक लेखनात वारंवार आढळते. या उदाहरणापुरते ते चुकीचे आहे. नाकारलेले ५ हे धनच आहे. ऋण ठरते ती मधली राशी : ५ चा पंचमांश १, त्यातून ३ गेले की −२. व्यक्त संख्या ऋण असणे लोकांना पटत नाही, हे त्यांचे कारण या राशीला उद्देशून आहे. हे अज्ञानही नव्हे. धन संख्येस धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. लगतच्या दुसऱ्या उदाहरणात, जेथे कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग व १२ मिळून कळप होतो, तेथे ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरे त्यांना मान्य आहेत.

उणीव आहे ती वेगळी. उत्तर केव्हा सोडावे याचा सर्वसाधारण निकष ते देत नाहीत. निर्णय लोकप्रतीतीवर सोपवतात. वस्तुतः उदाहरणाचे शब्द किंचित बदलून ‘३ मधून पंचमांश वजा करून’ असे म्हटले, तर ५ ग्राह्य व ५० अग्राह्य ठरते. समीकरण मात्र तेच राहते.