बेथेलची रात्र : ख्रिस्ती मराठी प्रतीकविचारातील प्रकाश आणि आशा

मराठीतील ख्रिस्ती साहित्यात आढळणारी प्रकाशाची प्रतिमा म्हणजे संतपरंपरेतील ज्ञानदीपाचेच रूपांतर होय, असा अन्वयार्थ सहज सुचतो. त्याला आधारही आहे. ज्ञानेश्वरीचे नावच मुळी ‘भावार्थदीपिका’. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी फादर स्टीफन्सने ओवी स्वीकारली, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी तुकारामाचे ऋण उघडपणे मानले. तथापि छंदाचे आणि शब्दकळेचे सातत्य म्हणजे प्रतीकाच्या आशयाचे सातत्य नव्हे.

वेदान्ती प्रतीकव्यवस्थेत अंधार म्हणजे अविद्या. तिला स्वतंत्र सत्ता नाही. दोरीवर भासलेला साप दिवा येताच कोठे पळून जात नाही. तो मुळात नव्हताच. या प्रकाशाला काळाची अपेक्षा नसते. योहानाच्या शुभवर्तमानातील प्रकाश मात्र अंधारातच प्रकाशतो. तेथे अंधार नाहीसा होत नाही. तो प्रकाशावर मात करू शकत नाही, एवढेच सांगितले जाते. क्रुसाच्या प्रसंगी भर दुपारी अंधार पडतो. पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया मग्दालिया कबरेकडे येते, तेव्हाही योहानाच्या कथनानुसार उजाडलेले नसते. पुनरुत्थानाचा क्षण कोणी पाहिलेला नाही. सकाळ होते ती रिकाम्या कबरेवर. असा प्रकाश ज्ञानाचा परिणाम नसून अद्याप न घडलेल्या गोष्टीची हमी असतो. म्हणूनच तो आशेचे प्रतीक ठरतो. आणि आशेला काळ लागतो, प्रतीक्षा लागते.

हा भेद काटेकोर मानण्याचे कारण नाही. पसायदान हे मागणे आहे, आणि त्यातील अंधार केवळ अज्ञानाचा नाही, दुरिताचाही आहे. म्हणजे आशारूप प्रकाश संतवाणीला अपरिचित नव्हता. उलट, मिशनरी लेखनातच ज्ञानरूप प्रकाशाचे प्राबल्य जाणवते. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेल्या नियतकालिकाचे ‘ज्ञानोदय’ हे नाव त्याची साक्ष देते. उदय झाला, असे म्हणताच आधीचा काळ रात्र ठरतो. धर्मांतरिताचा सारा भूतकाळ एका शब्दात काळोखात लोटला जातो. ख्रिस्ती प्रतीकाने येथे आपला आशाधर्म गमावून विजयाची भाषा पत्करलेली दिसते.

या पार्श्वभूमीवर जालना परिसरातील एका स्थलनामाकडे लक्ष जाते. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले, जन्माने ब्राह्मण असलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने जालन्यात मिशनकार्य उभे केले. निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी प्रामुख्याने मांग-महार समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसवले. त्याचे नाव ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर. उत्पत्तीच्या पुस्तकातील ही कथा रात्रीची आहे. याकोब भावाला फसवून घरातून पळाला आहे. सूर्य मावळला म्हणून तो वाटेत थांबतो आणि दगड उशाला घेऊन निजतो. स्वप्नात शिडी दिसते, वचन ऐकू येते. पण दिवा किंवा तेज यांचा उल्लेख नाही. वचन आहे ते ज्या भूमीवर तो पडला आहे त्या भूमीचे, आणि सोबतीचे. सूर्योदयाचा प्रसंग पुढे पनुएल येथे येतो. तोही याकोब लंगडत चालत असताना.

नाव देणाऱ्याचा हेतू काय होता, हा येथे प्रश्न नाही. नाव आपल्यासोबत संहिता आणते. गावगाड्यात जमिनीवर फारसा हक्क नसलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव मिळते, तेव्हा अंधार हा बुद्धीचा दोष राहत नाही. तो रोजच्या जगण्यातील वास्तव असतो. त्याला आभास म्हणणे हा त्या दुःखाचा अपलाप होईल. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’तच मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला, ही बाब या संदर्भात अर्थपूर्ण आहे. नियतकालिकाच्या शीर्षकाने उदय घोषित केला होता. निबंधाचा विषय मात्र अजून न सरलेली रात्र हा होता.

टिळकांची अभंगरचना, त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेलेले ‘ख्रिस्तायन’ आणि समकालीन ख्रिस्ती कविता वाचताना म्हणून प्रकाश कोठून आला, एवढेच विचारणे अपुरे आहे. त्या प्रकाशाने अंधाराला नाकारले की त्याच्यासमवेत राहून वाट पाहिली, हा निर्णायक प्रश्न आहे. पहिल्या प्रकारची कविता उपदेशाकडे झुकते. दुसऱ्या प्रकारच्या कवितेला बेथेलच्या रात्रीइतकी जागा ठेवावी लागते. दिवा नसतानाही वचन ऐकू येईल, एवढी.