काशिराजाची साक्ष

काशिराज पंडिताने पानिपतच्या लढाईची हकिगत १७८० मध्ये फार्सीत लिहिली. दिल्ली दरबारात वॉरन हेस्टिंग्जचा वकील राहिलेल्या जेम्स ब्राउनने १७९१ मध्ये तिचं इंग्रजी केलं, ते ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तिसऱ्या खंडात आलं आणि १९२६ मध्ये एच. जी. रॉलिन्सनने ते वेगळ्या, लहानशा पुस्तकाच्या रूपात छापलं. ही पुस्तिका एका बैठकीत वाचून होते, पण मनातून लवकर जात नाही.

लिहिणारा दक्षिणी, नोकरी मात्र अयोध्येच्या नवाबाची, शुजाउद्दौलाची. म्हणजे मराठ्यांचा शत्रू असलेल्या अफगाण शहा अब्दालीच्या गोटात राहून तो आपल्याच माणसांचा पराभव पाहतो आहे. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या होत्या. त्यांचा १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर कसा पराभव झाला, हे त्याने पलीकडच्या बाजूने पाहिलं. बखरकार हळहळतो, संतापतो, दोष वाटून देतो. काशिराज कारकुनासारखा नोंद करत जातो, आणि त्या संयमामुळेच त्याचं दुःख वाचणाऱ्याला जास्त लागतं.

लढाईच्या आदल्या रात्रीचा भाग पाहा. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांची शेवटची चिठ्ठी काशिराजाच्याच हाती पडते: तहाचं काही होणार असेल तर आत्ताच करा, यापुढे लिहायला-बोलायला सवड उरणार नाही, असा तिचा आशय. तो नवाबाकडे धावतो, नवाब अब्दाली शहाकडे. मराठे निघाले हे त्याला आधी पटत नाही. तो घोड्यावर बसून हुक्का ओढत असतो, एवढ्यात तोफा ऐकू येतात. हुक्का नोकराच्या हाती देऊन तो शांतपणे म्हणतो, तुमच्या माणसाची बातमी खरी दिसते. एवढ्या एका हालचालीत दोन छावण्यांमधलं अंतर कळतं. इकडे घाई कसलीच नाही; तिकडे उपाशी फौज पागोट्यांचे शेव सोडून, तोंडाला-हातांना हळद माखून बाहेर पडली आहे. मरायला निघालेल्यांची ही तयारी काशिराज मोजक्या शब्दांत सांगतो आणि पुढे जातो.

आकड्यांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. जवळजवळ वीस वर्षांनी आठवून लिहिलेलं आहे, मृतांची संख्या तर भलतीच फुगली आहे. यदुनाथ सरकारांनी पुढे मूळ फार्सीवरून पुन्हा भाषांतर केलं, तेव्हा ब्राउनच्या चुकाही उघड झाल्या. पण ज्या ठिकाणी काशिराज स्वतः उभा होता, तिथे त्याची नजर पक्की आहे.

रणातून एक शिर नसलेलं धड सापडतं. ते भाऊंचं की दुसऱ्या कुणाचं? शुजाच्या पदरचे दक्षिणी पंडित पाहायला जातात. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर मुजफ्फरखानाच्या कट्यारीचा व्रण. तळपायावर शुभ रेषा. आणि मग शेवटची खूण: भाऊ रोज सूर्याला बाराशे नमस्कार घालत, त्याचे घट्टे या देहाच्या हातांवर आणि गुडघ्यांवर होते.

माझ्यासारख्या औंधच्या वाचकाला या ओळीवरून सहज पुढे सरकता येणार नाही. औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, स्वतः रोज घातले, औंध संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींकडून घालून घेतले, त्यावर पुस्तकं लिहिली. त्यांतलं एक १९३८ मध्ये लंडनमध्ये निघालं. आमच्याकडे नमस्कार म्हणजे आरोग्य, शिस्त, सकाळचं ऊन. घट्टा पडेपर्यंत नेमाने घातलेले नमस्कार कोणाच्या ओळखीचा शेवटचा आधार होतील, हे या पानाआधी माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. डाग जन्माचा, वार शत्रूचा, रेषा दैवाच्या. घट्टे तेवढे भाऊंनी स्वतः कमावलेले. काशिराजाने ही खूण शेवटी ठेवली, त्यात कलाकुसर असेल असं मला वाटत नाही. पाहिलं त्या क्रमाने त्याने लिहिलं असावं. तरीही शिर हरवलेल्या सेनापतीचं चरित्रच त्या एका वाक्यात उतरलं आहे.

ही साक्ष लिहिली गेली तो काळही लक्षात घ्यावा. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी आपलं वैधव्य मरेपर्यंत मानलं नाही. भाऊ म्हणवून घेणारा तोतया उठला, त्याच्यामागे माणसं जमली, आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. त्यानंतर चार वर्षांनी काशिराज लिहितो आहे. तोतयाशी वाद घालण्यासाठीच लिहिलं असं म्हणायला आधार नाही. पण भाऊ कुठेतरी जिवंत आहेत अशी आशा धरणाऱ्यांसाठी याहून कठोर पान दुसरं नसेल. त्याने धड पाहिलं, खुणा पडताळल्या, अग्निसंस्काराच्या वेळी तो हजर होता. अब्दालीच्या एका दुराणी स्वाराने लपवलेलं शिर नंतर मिळालं, त्यालाही अग्नी दिला गेला, हेही तो सांगतो.